लाइट आली, पण मोटर उचलत नाही

गेले पाच-सहा शनिवार इथे शुकशुकाट होता. दोघा-तिघांनी मेल टाकून विचारलंही, "मोठं रिलीज आहे का गं?" रिलीज होतं, पण ऑफिसातलं नाही. बाबांचं. आता गाडी रुळावर आलीये म्हणून निवांत लिहायला बसलेय. बाजूला चहा आहे, आणि आज बोलायचंय हृदयाबद्दल. घाबरू नका, कविता नाहीये. :)

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या लाखो मुलामुलींपैकी मी एक. त्यामुळे हे वाचून कुणी आपल्या किंवा घरच्यांच्या गोळ्यांमध्ये फेरफार करू नये. किंबहुना 'फेरफार करू नये' हाच आजचा मुद्दा आहे.

तर झालं असं. बाबा ६६ वर्षांचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. आई-बाबा साताऱ्याला असतात, मी पुण्यात. बाबांना बीपीची गोळी आहे, बाकी काही नाही. दिवाळीपासून त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. "वय झालं आता" असं म्हणून त्यांनी ते दोन-अडीच महिने काढले. संक्रांतीला मी घरी गेले आणि सहज त्यांचा हात हातात घेतला, तर नाडी कशीही चाललेली. म्हणजे जलद होतीच, पण तालच नव्हता. तीन ठोके धावत, मग एक गडप, मग दोन चिकटून. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, एट्रियल फिब्रिलेशन. थोडक्यात एएफ.

हे काय प्रकरण आहे ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून माझ्यासारख्या अडाण्यांसाठी दोन परिच्छेद.

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन लहान, खालचे दोन मोठे. आमच्या पुस्तकात वरच्यांना अलिंद आणि खालच्यांना निलय म्हणत, बाबांच्या पुस्तकात कर्णिका आणि जवनिका. मी सरळ वरचा मजला आणि खालचा मजला म्हणते. वरच्या मजल्यावर उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी तो शोधून काढला. हा हृदयाचा घड्याळजी. तो सिग्नल देतो, वरचे कप्पे आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात, क्षणभराने खालचे कप्पे ते रक्त फुप्फुसांत आणि अंगभर फेकतात. एएफमध्ये या घड्याळजीला कुणी विचारतच नाही. वरच्या मजल्यावर मिनिटाला ३५० ते ६०० आडवेतिडवे सिग्नल फिरत राहतात. भिंती आकुंचन पावायच्या ऐवजी नुसत्या थरथरतात. दोन्ही मजल्यांच्या मध्ये एक दारवान आहे, तो यातले थोडेच सिग्नल खाली सोडतो, तेही जमेल तसे. म्हणून नाडी बेताल.

यात नुकसान दोन प्रकारचं. एक, वरच्या कप्प्याचा शेवटचा धक्का जातो. एरवी खालच्या कप्प्यात भरणाऱ्या रक्तापैकी साधारण २० ते ३० टक्के रक्त या धक्क्यातून येतं. तरुण माणसाला ते गेलेलं जाणवणारही नाही, साठीनंतर जिना चढताना जाणवतं. दुसरं नुकसान जास्त वाईट. हलत नसलेलं रक्त साचतं आणि साचलेलं रक्त गोठतं. वरच्या डाव्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी लटकलेली असते, गुठळ्या मुख्यतः तिथे होतात. तिथून एखादी सुटली की थेट मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या पाहणीतून १९९१ साली जे आकडे आले, त्यांत एएफ असलेल्यांना स्ट्रोकचा धोका जवळपास पाचपट निघाला होता.

बाबांच्या एकोमध्ये खालचा डावा कप्पाही दमलेला दिसला. त्याची ताकद मोजतात ती ईएफमध्ये. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त तो एका ठोक्यात बाहेर टाकतो, तो आकडा. साधारण ५५ च्या वर असला की ठीक. बाबांचा ४०. अडीच महिने मिनिटाला १३० च्या वेगाने पळवलं तर कोणताही पंप दमणारच.

उपचार ठरला. ठोक्यांचा वेग कमी करायच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी दिवसातून दोनदा, असे तीन आठवडे. मग पुण्याच्या हॉस्पिटलात विजेचा शॉक. (रक्त 'पातळ' वगैरे होत नाही म्हणे, गोठायची क्रिया फक्त मंदावते. पण केमिस्टपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे पातळच म्हणतात, मीही म्हणते.)

हा शॉक म्हणजे बोस्टनच्या बर्नार्ड लाऊन यांची देणगी, १९६२ सालची. शॉक द्यायचा तो ठोक्याशी वेळ जुळवून, भलत्या क्षणी नाही, ही त्यातली खरी अक्कल. भलत्या क्षणी दिला तर खालचा मजलाच थरथरायला लागून माणूस जाऊ शकतो. याच लाऊन यांनी पुढे अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९८५ सालचं शांततेचं नोबेल त्या संघटनेला मिळालं. असो, विषयांतर.

तीन आठवडे बाबांनी गोळ्या अगदी घड्याळ लावून घेतल्या. मंगळवारी शॉक दिला. एका शॉकमध्ये काम झालं. मॉनिटरवर मघापर्यंत कोंबडीचे पाय उमटलेली रेघ अचानक कवायतीला उभी राहिल्यासारखी सरळ चालायला लागली. आईने हात जोडले. मी, खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात 'डिप्लॉयमेंट सक्सेसफुल' म्हणाले. बुधवारी घरी. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी होती आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीपुढे 'चालू ठेवणे' असं लिहिलं होतं. किती दिवस, का, काही नाही.

मी हुशारी केली. बाबांना मनगटावर बांधायचं एक स्मार्ट घड्याळ घेऊन दिलं, ईसीजी काढणारं. कडेला बोट ठेवायचं, अर्ध्या मिनिटात निकाल. बाबांना खेळणंच मिळालं. रोज सकाळी सात वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट यायचा, 'सायनस रिदम'. म्हणजे लय व्यवस्थित. आणि मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून उलट अंगठा पाठवायचे. रोज स्क्रीनशॉट, रोज अंगठा.

बाराव्या दिवशी, रविवारी, साताऱ्याला गेले. फ्रिजवर गोळ्यांचा डबा असतो. सवयीने पट्टी मोजली. आठ गोळ्या जास्त होत्या. दिवसाला दोन, म्हणजे चार दिवस.

"बाबा, ही गोळी?"

"ती बंद केली बुधवारपासून."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? दाढी करताना जरासं कापलं तर अर्धा तास रक्त थांबेना. आणि ठोके नॉर्मल आहेत की. तूच तर रोज अंगठा पाठवतेस."

खरं सांगते, मी भांडायच्या तयारीने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. कारण माझ्याकडेही उत्तर नव्हतं. ठोके नॉर्मल असताना गुठळी का होईल? मलासुद्धा मनातून तेच वाटत होतं.

डॉक्टरांना फोन लावला. ते रविवारी उचलतात, भले माणूस. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सुरू करा. राहिलेल्या म्हणून दुप्पट घेऊ नका. तोंड वाकडं होणं, हाताची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटलात." मग जरा थांबून म्हणाले, "ठोका परत आलाय. कप्पा अजून आला नाहीये."

हे शेवटचं वाक्य घेऊन मी त्या रात्री बसले, आणि पुढचे आठ दिवस बसले. जे कळलं ते असं.

शॉकने लय परत येते ती विजेची. पण वरचा कप्पा हा नुसती वायर नाही, तो स्नायू आहे. आणि बरेच दिवस थरथरत राहिलेला स्नायू लय आल्या आल्या कामाला लागत नाही. तो सुन्न असतो. डॉक्टरी भाषेत स्टनिंग. सिग्नल वेळेवर येतो, ईसीजीवर छान उमटतो, आणि कप्पा जेमतेम हलतो. हे नुसतं तर्काचं नाही, सोनोग्राफीत दिसतं. वरच्या कप्प्यातून खाली येणाऱ्या रक्ताचा वेग डॉपलर एकोत मोजला की निरोगी माणसात उंटासारख्या दोन मदारी दिसतात. पहिली, झडप उघडल्यावर रक्त आपसूक खाली येतं तिची. दुसरी, वरचा कप्पा धक्का देतो तिची. एएफमध्ये दुसरी मदार गायब असते. शॉकनंतर ती परत येते, पण आधी नुसता उंचवटा म्हणून, मग हळूहळू वाढत.

किती हळूहळू? वॉरन मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८९ आणि १९९४ साली हेच मोजलं. एएफ दोन आठवड्यांच्या आतलं असेल तर कप्पा एका दिवसात पूर्ववत. दोन ते सहा आठवड्यांचं असेल तर आठवडाभर. सहा आठवड्यांच्या वरचं असेल तर महिना. बाबांचं किती दिवसांचं होतं? दिवाळी ते संक्रांत अडीच महिने, वर गोळ्यांचे तीन आठवडे. म्हणजे ते सरळ शेवटच्या गटात.

बरं, हा शॉकचा दुष्परिणाम म्हणावा, तर तसंही नाही. औषधाने लय परत आली तरी कप्पा सुन्न असतो, आपोआप आली तरी असतो. दोष थरथरण्याचा. पेशींना मिनिटाला चारपाचशे सिग्नल यायला लागले की प्रत्येक सिग्नलबरोबर कॅल्शियम आत येतं. एवढं कॅल्शियम पेशीला झेपत नाही, म्हणून ती आपली दारं अर्धवट लावून घेते. आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हरवर रिक्वेस्टचा मारा झाला की आपण थ्रॉटलिंग लावतो ना, तसं. आता कॅल्शियम कमी म्हणजे आकुंचनाचा जोरही कमी. आणि मारा थांबला म्हणून थ्रॉटलिंग लगेच उठत नाही. ते उठायला दिवस लागतात, आठवडे लागतात. १९९५ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला बकऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. निरोगी बकरीत मुद्दाम एएफ सुरू केलं तर ते काही सेकंदांत आपोआप थांबायचं. पण यंत्राने ते पुन्हा पुन्हा चेतवत ठेवलं, तर साधारण आठवड्याभरात ११ पैकी १० बकऱ्यांत ते दिवस उलटला तरी थांबेना. म्हणजे एएफ नुसतं येऊन जात नाही, राहील तितके दिवस घरात मोडतोड करून ठेवतं.

आता खरी गोम. आपल्याला वाटतं की लय आली, धोका टळला. उलट आहे. शॉकनंतर लगेच आतून एको केला तर काही पेशंटमध्ये वरच्या कप्प्यात फिरणारा धुरासारखा आकार आधीपेक्षा दाट झालेला दिसतो. हा धूर म्हणजे रेंगाळणारं रक्त. म्हणजे शॉकच्या आधी एको करून 'गुठळी नाही' असं बघून घेतलं, तरी नंतरच्या दिवसांत नवी होऊ शकते. आणि मग कप्पा जागा होतो, जोर धरतो. त्याच जोराने ती गुठळी सुटू शकते. बरं होण्याच्या वाटेवरच खड्डा.

१९६९ साली नॉर्वेतल्या दोन डॉक्टरांनी त्यांच्या पेशंटचा हिशोब मांडला होता. गोठणं थांबवणारं औषध न घेता शॉक घेतलेल्यांत गुठळी सुटण्याचं प्रमाण ५.३ टक्के, औषध घेतलेल्यांत ०.८. पुढे १९९८ साली ३२ अभ्यासांतल्या ४,६२१ पेशंटची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात शॉकनंतर ९२ जणांना असा त्रास झाला होता, आणि त्यातला ९८ टक्के पहिल्या दहा दिवसांत. दहा दिवसांत! बाबांनी गोळी बंद केली ती आठव्या दिवशी.

हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. उठून बाबांच्या खोलीत जाऊन ते नीट श्वास घेतायत ना बघून आले. घोरत होते.

सकाळी त्यांना समजवायला बसले. कॅल्शियम, डॉपलर, नॉर्वे, सगळं सांगितलं. चेहऱ्यावर रेषा हलेना. ऑफिसातलं उदाहरण दिलं, की आमच्याकडे सर्व्हर रिस्टार्ट केल्यावर डॅशबोर्ड हिरवा होतो, पिंगला उत्तर येतं, पण आतली रांग पुढे सरकतच नसते. त्याचाही उपयोग नाही. मग अचानक सुचलं.

"बाबा, सिंगल फेजवर काय होतं?"

ते सरळ बसले. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस. "गावात दिवे लागतात. विहिरीवरची मोटर उचलत नाही."

"मग गावातल्या माणसाने घरातला बल्ब बघून म्हटलं, लाइट आली, आता पाणी येईल, तर?"

"तर तो बसेल बोंबलत." आणि मग जरा वेळाने, "म्हणजे माझं घड्याळ बल्ब दाखवतंय होय."

अगदी तेच. ईसीजी, मग तो हॉस्पिटलातला असो की मनगटावरचा, बल्ब दाखवतो. मोटर बघायची तर एको लागतो. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते बरोबर देत होतं. आम्ही दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ते वाचत होतो.

तर मंडळी, माझं म्हणणं असं आहे.

एक. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कशाचा रिपोर्ट? त्यात काय मोजलं? आणि जे मोजलं नाही त्याचं काय? आपण रोज ऑफिसात कुणी 'सगळं ओके आहे' म्हटलं की दहा प्रश्न विचारतो. डॉक्टरांसमोर, लॅबच्या कागदासमोर आणि मोबाइलच्या स्क्रीनसमोर मात्र एकही विचारत नाही. डेंग्यूमध्येही हेच असतं ना? ताप उतरला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमके तेच दिवस सांभाळायचे असतात.

दोन. शॉकनंतरचे चार आठवडे हे उपचार संपल्यानंतरचे नाहीत, ते उपचारातलेच आहेत. आधी तीन आठवडे गोळी, मग शॉक, मग किमान चार आठवडे गोळी, हे एकच पॅकेज. पहिले तीन आठवडे बाबांनी एकही गोळी चुकवली नाही, कारण समोर शॉकची तारीख होती. तारीख गेली आणि मनातून सगळं सैल झालं. आपल्याकडे गो-लाइव्ह झाल्यावर टीमचं जे होतं तेच. म्हणून तर आपण हायपरकेअर नावाचा प्रकार काढला. लाइव्ह गेल्यावर महिनाभर कुणी हलायचं नाही. पगार देणाऱ्या क्लाएंटसाठी आपल्याला हे कळतं, बापासाठी का कळू नये?

तीन, आणि हे डॉक्टर लोकांसाठी. तुमचा वेळ किती ओढग्रस्तीचा असतो ते दिसतं. तरी 'चालू ठेवणे'च्या पुढे एक ओळ लिहाच. 'ठोके नॉर्मल दिसले तरी चार आठवडे बंद करायची नाही, कप्पा सावरायला वेळ लागतो, तोवर गुठळीचा धोका असतो.' एवढंच, मराठीत. वीज खात्यातल्या माणसाला कारण कळलं असतं तर त्याने दाढी बंद केली असती, गोळी नाही.

चार, आणि हे माझ्यासारख्यांसाठी. आई-बाबा गावी, आपण पुण्या-मुंबईत किंवा थेट न्यू जर्सीत. आपण काय करतो? गॅजेट पाठवतो. अंगठा पाठवतो. त्या अंगठ्याचा अर्थ पलीकडे काय लावला जातोय ते विचारत नाही. मी बाबांना गोळी बंद करा असं कधीच म्हटलं नव्हतं. पण सात दिवस रोज सकाळी अंगठा पाठवून तेच सांगत होते. पट्टी मोजायला शेवटी फ्रिजपाशीच जावं लागलं.

आता दुसरी बाजू. बाबांचं दाढीचं म्हणणं अगदी फालतू नव्हतं. या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो हे खरंच आहे. कापल्यावर उशिरा थांबतं हे किरकोळ, पण पोटातला किंवा मेंदूतला रक्तस्राव गंभीर असतो. ज्यांना अल्सर आहे, जे तोल जाऊन वारंवार पडतात, जे सोबत भलत्या पेनकिलर घेतात, त्यांचा हिशोब वेगळा. एएफ २४ तासांच्या आतलं असेल आणि बाकी धोका कमी असेल, तर चार आठवड्यांचा डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. पण हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आरशासमोर, गालाला तुरटी लावत नव्हे. बाबांना शेवटी इलेक्ट्रिक शेव्हर आणून दिला. त्या घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त पडला आणि कामही जास्त केलं.

कुणी म्हणेल, ठीक आहे, चार आठवडे झाले, मोटर उचलली, मग तरी गोळी बंद ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण ते लयीवर ठरत नाही, वय, बीपी, मधुमेह, आधी स्ट्रोक झालाय का, अशा गोष्टींवर ठरतं. २००२ साली अफर्म नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ४,०६० पेशंटचा. त्यात एका गटाची लय सुधारायचा प्रयत्न केला, दुसऱ्या गटाचा नुसता वेग आटोक्यात ठेवला. लय सुधारलेल्यांना स्ट्रोक कमी होतील अशी अपेक्षा असणार. तसं झालं नाही. दोन्ही गटांत स्ट्रोक बहुतेक अशांनाच झाले ज्यांनी रक्त पातळ करणारं औषध थांबवलं होतं किंवा ज्यांना त्याचा डोस पुरा पडत नव्हता. लय चांगली दिसली की लोकांना, आणि त्या काळी डॉक्टरांनाही, औषध थांबवावंसं वाटायचं. एएफ पुन्हा गुपचूप येऊ शकतं, आणि प्रत्येक वेळी ते कळेलच असं नाही. बाबा ६६ चे, त्यात बीपी. त्यांची गोळी चालूच राहणार आहे.

गेल्या आठवड्यात एकोला गेलो होतो. खालच्या कप्प्याचा ईएफ ४० वरून ५२ वर आलाय. पूर्ण नाही, पण डॉक्टर म्हणाले त्याला अजून काही महिने द्या, तो वरच्यापेक्षाही सावकाश सावरतो. मग त्यांनी स्क्रीन बाबांकडे वळवली आणि दोन मदारी दाखवल्या. पहिली उंच. दुसरी तिच्या निम्म्याएवढी, पण स्पष्ट, आणि प्रत्येक ठोक्याला न चुकता.

"ही तुमची वरची मोटर," डॉक्टर म्हणाले. (सिंगल फेजची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली होती.)

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "व्होल्टेज अजून जरा कमी वाटतंय."

डॉक्टर हसून म्हणाले, "म्हणूनच गोळी बंद करायची नाही."

घड्याळ अजून बाबांच्या हातात आहे. स्क्रीनशॉट अजून सकाळी सातला येतो. फक्त आता सोबत दुसरा फोटो असतो, गोळ्यांच्या पट्टीचा. मी गोळ्या मोजते आणि मगच अंगठा पाठवते.